पिक्सेल, डीपी की रेम? आधी ठरवा, माप कशाबरोबर वाढायला हवे

अ‍ॅप किंवा संकेतस्थळ आखणाऱ्या वाचकांची एक अडचण वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा समोर येते. कुणाला अँड्रॉइडमध्ये डीपी वापरावे की एसपी हे कळत नाही. कुणाच्या हाती डिझायनरने पिक्सेलमध्ये आकडे दिलेले असतात आणि ते रेममध्ये कसे न्यावेत याचा उलगडा होत नाही. कुणाचे बटण एका फोनवर ऐसपैस दिसते आणि दुसऱ्यावर बोटाखाली सापडतच नाही. प्रश्न एककांच्या नावांभोवती फिरत असल्याने उत्तरही बहुधा तक्त्याच्या रूपात मिळते: इथे हे वापरा, तिथे ते. तक्ता पाठ होतो, पण त्यात नसलेली अडचण आली की तुम्ही पुन्हा तिथेच अडकता. म्हणून या लेखात उलट्या बाजूने जाऊ. स्क्रीनवरचे प्रत्येक माप तीनपैकी एका गोष्टीला बांधलेले असायला हवे: वापरणाऱ्याच्या बोटाला, त्याने निवडलेल्या अक्षराच्या आकाराला किंवा समोर उपलब्ध असलेल्या जागेला. तुमच्या हातातले माप यांपैकी कशाबरोबर वाढायला हवे एवढे ठरवलेत, की एकक निवडायला फारसा विचार करावा लागत नाही.

पिक्सेलवर भिस्त का ठेवायची नाही

पिक्सेल हा पडद्यावरचा ठिपका आहे आणि त्याचा आकार प्रत्येक पडद्यावर वेगळा असतो. ४८ पिक्सेल रुंदीचे बटण इंचाला १६० ठिपके असलेल्या पडद्यावर ७.६ मिलिमीटरचे होते; तेच बटण इंचाला ४८० ठिपके असलेल्या आजच्या फोनवर जेमतेम अडीच मिलिमीटर उरते. आकडा तोच असला तरी पहिल्या फोनवर बटण दाबता येते आणि दुसऱ्यावर येत नाही. २०१० साली आयफोन ४ आला तेव्हा ही अडचण ठळकपणे पुढे आली. पडदा पूर्वीसारखाच साडेतीन इंचांचा होता, पण त्यावरचे ठिपके ३२० बाय ४८० वरून ६४० बाय ९६० झाले. जुनी अ‍ॅप ठिपक्याला ठिपका धरून दाखवली असती, तर ती पडद्याच्या पाव भागात मावली असती. अ‍ॅपलने मोजणी पॉइंटमध्ये ठेवली आणि नव्या फोनवर एक पॉइंट म्हणजे दोन पिक्सेल असे ठरवले, म्हणून जुन्या अ‍ॅपमधली बटणे बोटाच्या मापाचीच राहिली. अँड्रॉइडने हेच काम डीपी या एककाने केले. इंचाला १६० ठिपके असलेल्या पडद्यावर एक डीपी म्हणजे एक पिक्सेल. इतर पडद्यांसाठी डीपीच्या आकड्याला त्या पडद्याच्या घनतेने गुणायचे आणि १६० ने भागायचे. त्यामुळे ४८० घनतेचा १०८० पिक्सेल रुंद फोन आणि ३२० घनतेचा ७२० पिक्सेल रुंद फोन हे दोन्ही आखणीच्या दृष्टीने ३६० डीपी रुंदच असतात. दोन्हींसाठी वेगळे चित्र काढायची गरज उरत नाही.

निर्णयापुरती एककांची ओळख

- डीपी (अँड्रॉइड) आणि पॉइंट (आयफोन, आयपॅड): पडद्याची घनता बदलली तरी दिसणारा आकार जवळपास तोच ठेवतात. वापरणाऱ्याने अक्षर मोठे केले तरी ही मापे बदलत नाहीत.
- सीएसएस पिक्सेल (वेब): नाव पिक्सेल असले तरी हा पडद्यावरचा ठिपका नव्हे. त्याची व्याख्या हातभर अंतरावरून दिसणाऱ्या १/९६ इंचाच्या आकारावर आधारलेली आहे. घनतेचा हिशेब ब्राउझर करतो, म्हणून वेबवर हा डीपीचा भाऊबंद समजा.
- एसपी (अँड्रॉइड): डीपीसारखेच, पण वापरणाऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वाढवला की त्याबरोबर वाढते.
- रेम आणि एम (वेब): रेम पानाच्या मूळ अक्षराच्या आकाराशी बांधलेले असते. बहुतेक ब्राउझरमध्ये तो न बदलल्यास १६ सीएसएस पिक्सेल असतो. एम त्या त्या घटकाच्या अक्षराशी बांधलेले असते.
- टक्के, एफआर, व्हीडब्ल्यू, डीव्हीएच: उपलब्ध जागेचा हिस्सा सांगतात. टक्के बाहेरच्या चौकटीचा, एफआर ग्रिडमधल्या मोकळ्या जागेचा, तर व्हीडब्ल्यू आणि डीव्हीएच ब्राउझरच्या दृश्य खिडकीचा.

पहिला प्रश्न: हे माप बोटाला बांधलेले आहे का?

बटण, चेकबॉक्स, मेनूतली ओळ, दोन बटणांमधले अंतर ही मापे माणसाच्या बोटावरून ठरतात. पडदा सहा इंचांचा असो की बारा, बोट तेवढेच राहते. म्हणून त्यांना डीपी, पॉइंट किंवा सीएसएस पिक्सेल द्या आणि तो आकडा किमान मर्यादा म्हणून वापरा. गूगल स्पर्शक्षेत्रासाठी किमान ४८ बाय ४८ डीपी सुचवते, अ‍ॅपल ४४ बाय ४४ पॉइंट. वेब सुलभतेची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डब्ल्यूसीएजी, २०२३ च्या २.२ आवृत्तीत मधल्या पातळीसाठी काही अपवाद ठेवून किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल मागतात आणि सर्वांत वरच्या पातळीसाठी ४४ बाय ४४. २४ ही खालची मर्यादा आहे. आखताना ४४ ते ४८ धरा. चिन्ह लहान दिसावे असे वाटत असेल तर ते २४ डीपीचेच राहू द्या, पण त्याच्या चारही बाजूंना १२ डीपीची स्पर्शाला प्रतिसाद देणारी जागा सोडा. दिसणारा आकार आणि दाबता येणारा आकार वेगळे असू शकतात, आणि बोटाला दुसऱ्याची गरज असते.

दुसरा प्रश्न: हे माप अक्षराला बांधलेले आहे का?

मजकूर, त्याची ओळ-उंची, परिच्छेदांमधले अंतर, मजकुराभोवतीची चौकट ही सगळी मापे वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून आहेत आणि ते डोळे तुम्ही पाहिलेले नाहीत. वयाची साठी ओलांडलेल्या व्यक्तीने फोनमध्ये अक्षर मोठे केले असेल, तर तो तिने आधीच घेतलेला निर्णय आहे आणि तुमच्या अ‍ॅपने तो पाळायला हवा. अँड्रॉइडवर मजकूर एसपीमध्ये द्या. डीपीमध्ये दिलात तर सेटिंगमधला बदल तुमच्या अ‍ॅपपुरता निष्फळ ठरतो. आयफोनवर मात्र एसपीसारखे वेगळे एकक नाही. तिथे नुसता १७ पॉइंटचा मजकूर कायम १७ पॉइंटचाच राहतो. त्याने वाढावे असे वाटत असेल तर प्रणालीच्या तयार मजकूर-शैली, म्हणजे डायनॅमिक टाइप, वापराव्या लागतात. त्या वापरल्या की मूळ मजकूर १७ पॉइंटवरून सर्वांत मोठ्या सेटिंगमध्ये ५३ पॉइंटपर्यंत जातो. वेबवर मजकुराला रेम द्या, आणि पानाच्या मुळाशी अक्षराचा आकार १० पिक्सेल किंवा १६ पिक्सेल असा ठोकून बसवू नका. तसे केल्यास वाचकाने ब्राउझरमध्ये निवडलेला मूळ आकार तिथेच पुसला जातो आणि पुढे कितीही रेम वापरले तरी ते त्या ठोकलेल्या आकड्याचेच गुणक राहतात.

या भागातले खड्डे बहुतेक वेळा पुढील ठिकाणी असतात:

- एम एकमेकांत गुंतत जातो. यादीला ०.९ एम दिले आणि यादीत यादी, तिच्यात आणखी यादी आली, तर तिसऱ्या पातळीवर अक्षर मूळच्या ०.७२९ पटीचे होते. मजकुराच्या आकाराला रेम द्या. एम फक्त शेजारच्या अक्षराबरोबर वाढायला हव्या अशा गोष्टींना ठेवा, उदाहरणार्थ बटणातली आतली जागा.
- ओळ-उंचीला एकक देऊ नका, नुसता पटीचा आकडा द्या. २४ पिक्सेल अशी ओळ-उंची दिली की अक्षर वाढते, ओळ वाढत नाही आणि ओळी एकमेकींवर चढतात. जुन्या अँड्रॉइड लेआउटमध्ये ती एसपीमध्ये द्या.
- अक्षराचा आकार नुसत्या व्हीडब्ल्यूमध्ये देऊ नका. वाचकाने झूम केले की सीएसएस पिक्सेलच्या हिशेबात खिडकी तेवढीच लहान होते आणि अक्षर आहे तेवढेच राहते. खिडकीबरोबर शीर्षक वाढवायचे असेल तर क्लॅम्पमध्ये किमान आणि कमाल रेममध्ये द्या आणि मधल्या मापात रेम व व्हीडब्ल्यूची बेरीज करा.
- अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढते, पण सरळ पटीने नव्हे. आधीच मोठी असलेली अक्षरे कमी प्रमाणात वाढतात. म्हणून एसपीचे पिक्सेल करताना स्वतः गुणाकार करू नका. प्रणालीने दिलेली रूपांतराची सोय वापरा.

तिसरा प्रश्न: हे माप जागेला बांधलेले आहे का?

स्तंभांची रुंदी, कार्डांची संख्या, बाजूची पट्टी, चित्राचा फैलाव ही मापे समोर जागा किती आहे त्यावर ठरतात. इथे पक्का आकडा देणे सर्वांत घातक, कारण जागा फोनच्या मॉडेलवरून ठरते असे आपण गृहीत धरतो आणि ते खरे नसते. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अक्षराच्या आकाराशिवाय ‘डिस्प्ले साइझ’ नावाचा वेगळा पर्याय असतो. तो वाढवला की प्रणाली घनतेचा आकडा वाढवते: १०८० पिक्सेलचा जो फोन ४८० घनतेला ३६० डीपी रुंद होता, तो ५४० घनतेला ३२० डीपी रुंद होतो. फोन तोच, पण तुमची ३६० डीपी रुंदीची चौकट आता त्यात मावत नाही. ४२० घनतेच्या तितक्याच पिक्सेलच्या फोनवर रुंदी सुमारे ४११ डीपी होते आणि कडेला रिकामी पट्टी उरते. म्हणून रुंदीला हिस्सा द्या आणि त्यावर कमाल मर्यादा घाला. मांडणी कुठे बदलायची हे फोनच्या नावावरून ठरवू नका. अँड्रॉइडमध्ये उपलब्ध रुंदी ६०० डीपीखाली, ६०० ते ८३९ आणि ८४० वा जास्त असे तीन मूळ गट धरण्याची पद्धत आहे. तिथून सुरुवात करा. वेबवर हे टप्पे रेम किंवा एममध्ये लिहिलेत, तर मोठे अक्षर निवडणाऱ्या वाचकाला दाटीवाटीचे तीन स्तंभ न मिळता सुटसुटीत एक स्तंभ मिळतो.

वेबवर आणखी दोन गोष्टी पाहा. पानाच्या डोक्यात व्ह्यूपोर्टची सूचना नसेल, तर मोबाइल ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून ते लहान करून दाखवतात आणि तुमची सगळी काळजीपूर्वक मापे वाया जातात. रुंदी उपकरणाच्या रुंदीइतकी आणि सुरुवातीचे प्रमाण १ अशी सूचना द्या. झूम बंद करणारी सूचना मात्र कधीही देऊ नका. पूर्ण उंचीच्या पानासाठी १०० व्हीएच वापरलेत तर फोनवर पत्त्याची पट्टी उघडी असताना तळाचे बटण तिच्यामुळे खाली ढकलले जाऊन दिसेनासे होते. त्याऐवजी बदलत्या उंचीचे डीव्हीएच किंवा किमान उंचीचे एसव्हीएच वापरा. सातबारा उताऱ्यासारखा अनेक रकान्यांचा तक्ता मात्र जागेच्या हिस्श्यात चेपू नका. त्याला स्वतःच्या चौकटीत आडवा सरकू द्या, बाकीचे पान स्थिर राहू द्या.

देवनागरीसाठी वेगळी काळजी

मराठी मजकुराला हे नियम अधिक काटेकोरपणे लागू होतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात; खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. या वरच्या-खालच्या जागेसाठी अक्षराचा मधला भाग आखूड होतो, त्यामुळे त्याच आकड्याला देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहान भासते. इंग्रजीत आखलेली ४० पिक्सेलची पक्की चौकट मराठीत नेली, की सर्वांत आधी उकार कापले जातात. ‘कर्तृत्व’, ‘ट्रॅक्टर’, ‘कुटुंबीयांमध्ये’ असे शब्द चाचणीच्या मजकुरात मुद्दाम ठेवा. काय तुटते ते लगेच दिसेल. ओळ-उंची १.६ ते १.८ पटींपासून सुरू करा आणि निवडलेल्या फॉन्टवर पारखून पक्की करा. चौकटीला उंची देण्याऐवजी किमान उंची द्या. अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. स्तंभाची रुंदी सीएच या एककात देऊ नका, कारण ते फॉन्टमधल्या रोमन शून्याच्या रुंदीवर मोजले जाते. मराठीसाठी एम किंवा रेम अधिक भरवशाचे. पानावर भाषा मराठी असल्याची खूणही करा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे आहेत, त्यात ती उमटतील.

चित्रे आणि रेघा

चिन्हे आणि बोधचिन्हे व्हेक्टर स्वरूपात ठेवा: वेबवर एसव्हीजी, अँड्रॉइडवर व्हेक्टर ड्रॉएबल. छायाचित्रे वेगवेगळ्या घनतांसाठी द्यावी लागतात. १२० डीपीच्या चौकटीला १२०, २४०, ३६० आणि ४८० पिक्सेलच्या प्रती. मापे ४ च्या पटीत ठेवा. अँड्रॉइडच्या ०.७५, १, १.५, २, ३ आणि ४ या सहाही ठरावीक पटींत ४ डीपीचे पूर्ण पिक्सेल होतात, तर १ डीपीची रेघ दीडपटीच्या पडद्यावर दीड पिक्सेलची होऊन धूसर तरी दिसते किंवा जवळच्या पूर्णांकावर ढकलली जाते. २.६२५ सारख्या मधल्या पटींचे फोनही आहेत, तेव्हा एका पिक्सेलचा फरक चूक मानू नका.

नेहमीचे आक्षेप

पहिला आक्षेप: डीपी हे खरे माप नाही, मग त्यावर विसंबायचे कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती बरोबर आहे. उत्पादक घनतेचा सोयीचा आकडा निवडतात, त्यामुळे १६० डीपी मोजपट्टीवर नेमका एक इंच भरेलच असे नाही. सीएसएसमधला सेंटिमीटरही स्क्रीनवर खरा नसतो, तो ९६ पिक्सेलच्या इंचाला बांधलेला असतो. पण आखणीला मिलिमीटरची अचूकता लागत नाही, वापरणाऱ्याला सारखे भासणे लागते, आणि ते अंतरावरही अवलंबून असते. सीएसएसच्या व्याख्येनुसार हातभर अंतरावरचा ०.२६ मिलिमीटरचा पिक्सेल साडेतीन मीटरवरून पाहायच्या पडद्यावर १.३ मिलिमीटरचा व्हायला हवा. नेमके मिलिमीटर हवे असतील तर ते छपाईच्या शैलीपत्रकासाठी राखून ठेवा. ए-४ कागदावर ते एकक योग्यच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अक्षर मोठे केले की मांडणी मोडते, म्हणून आम्ही ते वाढूच देत नाही. इथे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. मांडणी मोडते ती चौकटींना पक्की उंची दिल्यामुळे; मोठे अक्षर फक्त ती उणीव उघड करते. अक्षर रोखले तर उणीव तशीच राहते आणि तिची किंमत ज्याला कमी दिसते तो माणूस मोजतो. ‘ब्राउझरमध्ये झूम आहेच’ हे उत्तरही अपुरे आहे. झूम सगळेच वाढवते, मूळ अक्षराचे सेटिंग फक्त मजकूर वाढवते, आणि दोन्ही पर्याय वाचकाच्या हाती असायला हवेत; अ‍ॅपमध्ये तर बहुधा झूम नसतेच. तिसरा आक्षेप ग्राहकाचा असतो: डिझाइन हुबेहूब हवे. डिझाइनची चौकट ३६० रुंदीची आणि समोरचा फोन ४११ चा असेल, तर हुबेहूब या शब्दाला अर्थच राहत नाही. ग्राहकाला चित्राबरोबर नियमही द्या: काय स्थिर राहील, काय अक्षराबरोबर वाढेल, काय पसरेल. मग हुबेहूबपणा नियमांवरून तपासता येतो.

काम सोपवण्यापूर्वीची तपासणी

1. अँड्रॉइडवर अक्षराचा आकार आणि डिस्प्ले साइझ दोन्ही कमाल करून प्रत्येक पान उघडा.
2. आयफोनवर सुलभतेच्या सेटिंगमधले सर्वांत मोठे अक्षर निवडा.
3. ब्राउझरची खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून झूम ४०० टक्के करा. ही ३२० सीएसएस पिक्सेलची रुंदी झाली. डब्ल्यूसीएजीनुसार तक्ते आणि नकाशांसारखे अपवाद सोडून मजकूर आडवा सरकवावा लागता कामा नये.
4. ब्राउझरमधला मूळ अक्षराचा आकार दुप्पट करा. जो मजकूर हलला नाही, तो पिक्सेलमध्ये ठोकलेला आहे.
5. हे सगळे खऱ्या मराठी मजकुरावर करा, नमुन्याच्या रोमन ओळींवर नव्हे.

वापरणाऱ्याचे आणि तुमचे हक्क

भारतात हा विषय आवडीनिवडीपुरता उरलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत अल्पदृष्टी हे दिव्यांगत्व म्हणून नोंदलेले आहे आणि माहिती-तंत्रज्ञान सुलभ असावे अशी तरतूद त्या कायद्यात आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे निकष नुसते शिफारशीवजा ठेवणारा नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष करायला सांगितले. एप्रिल २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्यामुळे बँकेचे किंवा शासकीय सेवेचे अ‍ॅप मोठे अक्षर नाकारत असेल, तर सुधारणा मागताना वापरणारी व्यक्ती उपकार मागत नसते. आखणी करणाऱ्या तुम्हालाही याचा आधार आहे. करारातच लिहून घ्या: मजकूर वापरणाऱ्याच्या सेटिंगनुसार २०० टक्क्यांपर्यंत वाढेल, ३२० रुंदीवर काहीही कापले जाणार नाही, स्पर्शक्षेत्र ४४ पेक्षा लहान नसेल. मग नंतर कुणी ‘अक्षर अडवून टाका’ म्हटले, तर तुमच्याकडे लेखी उत्तर असेल.

जुने काम हाती असेल तर

सगळी मापे एका झटक्यात बदलायला जाऊ नका. नवे बिघाड होतील आणि जुने कुठले ते कळणार नाही. आधी झूम आणि अक्षरवाढ अडवणाऱ्या सूचना काढा. मग मजकूर एसपी, रेम किंवा डायनॅमिक टाइपवर न्या. त्यानंतर पक्क्या उंचींच्या जागी किमान उंची घाला, कारण मजकूर वाढू लागल्यावर त्या कुठे आडव्या येतात ते आपोआप दिसते. स्पर्शक्षेत्रे चौथ्या फेरीत आणि रुंदीचे टप्पे पाचव्या फेरीत घ्या. हा क्रम अशासाठी, की आज ज्याला तुमचे पान वाचताच येत नाही, त्याची अडचण पहिल्या दोन फेऱ्यांतच पुष्कळशी सुटते. दिसण्यातला नेटकेपणा त्यानंतर आला तरी कुणाचे नुकसान होत नाही.